ऑर्डर नगांत, बिल किलोत: प्रत्यक्ष भरलेल्या वजनावर विक्रीची किंमत प्रणालीत कशी बसवावी?

प्रश्न: लोखंडी_हिशेब

नमस्कार. आमची पेढी मस्जिद बंदरला आणि गोदाम कळंबोलीच्या लोखंड बाजारात आहे. पेढीची बिले आणि साठ्याची नोंद माझ्याकडे असते. आम्ही बांधकामाच्या सळया विकतो. गिऱ्हाईक ऑर्डर देताना नग सांगते, भाव मात्र किलोचा ठरतो आणि पैसे काट्यावर उतरलेल्या वजनाचे घ्यायचे असतात. हा व्यवहार बाजारात वर्षानुवर्षे तोंडी आणि वहीत सुरळीत चालत आला आहे. अडचण सुरू झाली ती आम्ही एका लहान फर्मकडून ऑर्डर, साठा आणि बिल एकत्र करणारी प्रणाली बांधून घेतल्यापासून.

प्रणालीत प्रत्येक मालाला एकच रूपांतर गुणक आहे. 12 मिलिमीटर जाडीच्या आणि 12 मीटर लांबीच्या सळईसाठी आम्ही व्यासाचा वर्ग भागिले 162 या नेहमीच्या सूत्राने 1 नग = 10.67 किलो असे भरून ठेवले. गेल्या महिन्यात 300 नगांची ऑर्डर होती आणि भाव किलोला 55 रुपये होता. प्रणालीने ऑर्डर 3,201 किलोची केली आणि बिलही आपोआप तेवढ्याच वजनाचे निघाले. काट्यावर माल भरला 3,060 किलो. म्हणजे 141 किलोचे 7,755 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 9,150 रुपये 90 पैसे आम्ही जास्त लावले. गिऱ्हाइकाने काटा पावती आणि बिल शेजारी शेजारी ठेवून फोटो पाठवला, तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते.

पुढच्या वेळी मी बिलात हाताने 3,060 किलो टाकून पाहिले. पैसे बरोबर आले, पण प्रणालीने त्या किलोंचे उलटे रूपांतर करून साठ्यातून 286.785 नग वजा केले. गोदामातून 300 सळया गेल्या असताना संगणकात 13 सळया आणि वर एक तुकडा शिल्लक राहिला. गोदामातले मुकादम आता त्यांना "भुताच्या सळया" म्हणतात. किंमत वजनावर आणि साठा नगांवर, असे दोन्ही एकाच वेळी खरे राहील अशी मांडणी कोणी केली असल्यास कृपया मार्गदर्शन करावे. प्रणाली बदलावी लागली तरी मालकांची तयारी आहे.

प्रतिसाद 1: ठाणेकर_सल्लागार

आपल्या फर्मने जी चूक केली ती फार ठिकाणी दिसते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

डझन आणि नग, किंवा टन आणि किलो, यांच्यातले नाते कायमचे असते. नग आणि किलो यांच्यात तसे नाते नाही. सूत्राने येणारे 10.67 हे सेक्शनल वजन झाले, म्हणजे अपेक्षा. सळयांच्या मानकातच, आयएस 1786 मध्ये, वजनातला फरक मान्य केलेला आहे: 10 मिलिमीटरपर्यंत अधिक-उणे 7 टक्के, त्यापुढे 16 मिलिमीटरपर्यंत 5 टक्के आणि 16 च्या वर 3 टक्के. आपला माल साधारण साडेचार टक्के हलका निघाला, म्हणजे तो मानकाच्या आतच आहे. कोणी फसवले असे त्यावरून म्हणता येत नाही. चूक एवढीच की जो आकडा दर खेपेला बदलणार हे मानकाला ठाऊक आहे, तो आपण मालाच्या मूळ नोंदीत कोरून ठेवला.

वजन हा मालाचा गुण नाही, ते त्या खेपेचे आहे. ते भरणीच्या ओळीवर नोंदले गेले पाहिजे आणि नगांच्या शेजारी, पण नगांपासून स्वतंत्र, उभे राहिले पाहिजे. मोठ्या प्रणालींत या सोयीला कॅच वेट म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्समध्ये साठ्याचे मूळ एकक वजनाचे असते, नग किंवा खोके हे हाताळणीचे एकक असते आणि दर नगाला अपेक्षित, किमान आणि कमाल असे तीन आकडे भरता येतात. सॅपमध्येही समांतर एककांची व्यवस्था आहे. अशा ठिकाणी ऑर्डरवर दिसणारी रक्कम अंदाजाची असते, भरणीच्या वेळी माणूस नग आणि किलो दोन्ही लिहितो, साठ्यातून दोन्ही वजा होतात आणि बिल किलोवरून उठते. आपल्या सळईला किमान 10.14 आणि कमाल 11.20 किलो अशी मर्यादा घातली, तर 300 नगांपुढे चुकून 306 किलो लिहिणाऱ्याला प्रणाली तिथेच थांबवील. केवळ या एका अडवणुकीने सोय वसूल होते, असे माझे मत आहे.

आपल्या आकाराच्या पेढीला एवढी मोठी प्रणाली घ्यावी असे मात्र मी सुचवणार नाही. मध्यम प्रणालींत काय होते ते पाहू. ओडूमध्ये बिल ऑर्डरवर काढायचे की प्रत्यक्ष पोहोचवलेल्या मालावर, हे निवडता येते, आणि दुसरा पर्याय निवडला की प्रश्न सुटला असे पुष्कळांना वाटते. तो सुटत नाही. ऑर्डर नगांत असेल तर पोहोचवलेले नगही 300 आणि बिलही 300 नगांचेच निघते, वजन चित्रात येतच नाही. टॅलीत प्रत्यक्ष आणि बिलाचे असे संख्येचे दोन रकाने उघडता येतात, पण ती सोय फुकट दिलेल्या मालासारख्या प्रसंगांसाठी आहे आणि तिथे नगांसमोर किलो लिहू लागलात तर साठ्याचा पुरता विचका होईल. आपल्या मुंबईतच घडलेल्या ईआरपीनेक्स्टमध्ये ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त माल पाठवू द्यावा आणि किती टक्के जास्त बिल होऊ द्यावे, या दोन मर्यादा वेगवेगळ्या घालता येतात. वजनाच्या व्यवहाराला त्या लागतातच, नाहीतर 3,201 ची ऑर्डर आणि 3,240 ची भरणी झाली की प्रणाली बिल अडवून बसते आणि गाडी फाटकात उभी राहते.

ज्या प्रणालीत रूपांतर गुणक त्या एका ओळीपुरता बदलता येतो, तिथे एक साधी वाट आहे. साठ्याचे एकक नग ठेवावे, विक्रीचे एकक किलो ठेवावे आणि भरणीच्या वेळी 300 भागिले 3,060 हा गुणक त्या ओळीत बसवावा. हे गणित माणसाला करू देऊ नये, दोन रकाने भरून घेऊन प्रणालीकडून करून घ्यावे. दशांश स्थळांकडेही लक्ष द्यावे, कारण तीन स्थळांवर 0.098 धरले तर 299.88 नग वजा होतात आणि आपल्या भुतांना नवे भाऊबंद मिळतात. पाच स्थळांवर 0.09804 धरले की 300.0024 येते, ते पूर्णांकात आणता येते. साठ्याचे मूल्यही मग नगांवर चढते, आणि आपली खरेदी तर किलोने होते. म्हणून ही वाट मी तात्पुरती समजतो. किलो हे पैशाचे एकक आहे आणि नग हे गोदामाचे. दोघांना आपापला रकाना देणारी प्रणाली मिळत असेल तर ती घ्यावी किंवा तसा रकाना बांधून घ्यावा.

प्रतिसाद 2: धक्क्यावरचा

मी भाऊच्या धक्क्यावरून हॉटेलांना मासळी पुरवतो. लोखंडातले मला कळत नाही, पण वरील सल्ल्यात एक गोष्ट राहून गेली असे वाटते.

आमच्याकडे वजनावर रक्कम तर ठरतेच, भावसुद्धा वजनावरच ठरतो. दोन किलोच्या आतली सुरमई आणि तिच्यावरची सुरमई यांचे भाव निराळे असतात. हॉटेलवाला म्हणतो, "बारा सुरमया पाठवा, दोन-तीन किलोच्या." पहाटे टोपल्यांतून निवडताना दहा तशा मिळतात आणि दोन 1.800 च्या आसपास भरतात. अशा वेळी एकूण वजन टाकून भागत नाही. दर नगाचे वजन वेगळे घ्यावे लागते आणि ऑर्डरच्या एका ओळीच्या बिलात दोन ओळी कराव्या लागतात. आमच्या प्रणालीला हे शिकवायला आठ महिने गेले. ती बांधणारे गृहस्थ हुशार होते, पण त्यांनी पहाटे चारला ओल्या हाताने काट्याचे बटण कधी दाबले नव्हते. शेवटी काट्याची तार थेट संगणकाला जोडली. आता मासा ठेवला की वजन पडद्यावर येते आणि त्या वजनाचा भाव प्रणाली स्वतः उचलते. हाताने आकडा लिहिणे बंद झाल्यावर निम्म्या तक्रारी थांबल्या.

उरलेल्या निम्म्या तक्रारी बर्फाच्या होत्या. मासा बर्फातून काढून लगेच काट्यावर ठेवला तर पाणीही तोलले जाते आणि हॉटेलच्या मागच्या दारात तोच मासा कमी भरतो. आम्ही आता जाळीच्या टोपल्यात पाणी निथळू देतो आणि मगच तोलतो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत गोठवलेला माल द्यावा लागतो. त्यावर बर्फाचा जो पातळ थर चढवलेला असतो, तो निव्वळ वजनात धरायचा नसतो. सांगायचे एवढेच की प्रणालीत वजनाचा रकाना उघडण्यापूर्वी ते वजन कुणी, कुठे आणि कोणत्या अवस्थेत घेतलेले आहे, हे गिऱ्हाइकाशी लेखी ठरवावे. आमच्या ऑर्डरच्या छापील नमुन्यावर आता एक ओळ आहे: "वजन आमच्या काट्यावर, पाणी निथळल्यानंतर, बिलासाठी ग्राह्य."

प्रतिसाद 3: करनोंद

मासळीवाल्या बंधूंचे एका बाबतीत बरे आहे. ताज्या मासळीवर जीएसटी नाही, त्यामुळे त्यांचे काम बिल ऑफ सप्लायवर, म्हणजे कर न लावलेल्या बिलावर, भागते. लोखंडात वजनाची चूक ही कराचीही चूक होते, म्हणून मूळ प्रश्नकर्त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

जीएसटी कायद्याच्या कलम 31 प्रमाणे मालाची हालचाल असलेल्या विक्रीत कर बिल माल निघण्यापूर्वी किंवा निघताना झालेच पाहिजे. "आधी चलनावर पाठवू, वजन कळले की बिल करू" हा सल्ला बाजारात सर्रास दिला जातो; चलन म्हणजे मालासोबत जाणारी पाठवणीची चिठ्ठी. नियम 55 मध्ये निघताना प्रमाण ठाऊक नसल्याने चलनावर माल पाठवण्याची मुभा आहे, पण ती द्रवरूप वायूच्या पुरवठ्यासाठी आहे. सळया द्रवरूप वायू नव्हेत. आपला काटा गोदामात किंवा बाजारात असेल तर वजन न कळण्याचे कारणही उरत नाही. क्रम असा हवा: भरणी, काटा, मग बिल, मग ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीची ऑनलाइन नोंद), मग फाटक. आपली प्रणाली ऑर्डर पक्की होताच बिल उठवते, हेच सगळ्या दुखण्याचे मूळ आहे. काटा पावतीचा क्रमांक आणि निव्वळ वजन भरल्याशिवाय बिलाचे बटण उघडूच नये, अशी अट घालून घ्या.

आपली वार्षिक उलाढाल 5 कोटींच्या वर असेल तर ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचे बिल, लागू आहे. पोर्टलवर गेलेले ई-इनव्हॉइस दुरुस्त करता येत नाही. 24 तासांच्या आत रद्द करता येते, पण रद्द केलेला बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. 24 तास उलटले की कलम 34 खालची क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारा कागद, हाच मार्ग उरतो. ती आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले असेल तर तोवर, दाखवावी लागते आणि गिऱ्हाइकाला त्याने घेतलेली कर वजावट (खरेदीवर भरलेल्या कराची वळती) तेवढी उलटवावी लागते. आपल्या 7,755 रुपयांसाठी हा सारा खटाटोप दोन्ही बाजूंच्या हिशेबनिसांनी करायचा, यापेक्षा गाडी पाच मिनिटे काट्यावर थांबवणे स्वस्त.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ई-वे बिलाची मर्यादा 1 लाख रुपये आहे आणि ती करासह मोजतात. 3,060 किलोचे बिल 1,98,594 रुपये होते, तेव्हा ई-वे बिल लागणारच, आणि त्यावरचे वजन बिलाशी जुळलेच पाहिजे. गाडीचा क्रमांक मागाहून बदलता येतो, मालाचे प्रमाण बदलता येत नाही.

अंदाजी रकमेचा कागद गिऱ्हाइकाला हवाच असेल तर प्रोफॉर्मा (अंदाजी बिल) द्यावा आणि त्यावर "अंदाजे, काट्याप्रमाणे फरक" असे लिहावे. आगाऊ रक्कम त्यावर घ्यावी आणि फरक खात्यात पुढे ओढावा. उधारीची मर्यादा तपासताना मात्र प्रणालीने अंदाजी रकमेवर 5 टक्के चढवून तपासणी करावी. माल गाडीवर चढल्यावर मर्यादा ओलांडल्याचा इशारा येऊन उपयोग नसतो.

लोखंडी_हिशेब

सर्वांचे आभार. ठाणेकरांचा दोन रकान्यांचा मुद्दा आणि करनोंद यांचा क्रमाचा मुद्दा मालकांना वाचून दाखवला. बिलाचे बटण काटा पावतीवर अडकवण्याचे काम फर्मने लगेच करून दिले. दोन स्वतंत्र रकान्यांसाठी त्यांनी वेळ मागितला आहे.

एक शंका उरली. आमच्या गाडीत बहुधा दोन-तीन जाडीच्या सळया एकत्र जातात आणि काटा सगळ्यांचे मिळून एकच निव्वळ वजन देतो. परवा 12 मिलिमीटरचे 300 नग आणि 16 मिलिमीटरचे 100 नग एकाच गाडीत गेले. भाव अनुक्रमे 55 आणि 54 रुपये होते. एकूण निव्वळ वजन 4,950 किलो भरले. हे वजन दोन ओळींत कसे वाटावे? शिवाय पावसात आणखी एक गंमत झाली. सकाळी कोरडी गाडी रिकामी तोलली आणि दुपारी भिजलेल्या ताडपत्रीसह भरलेली तोलली. ताडपत्रीत साठलेले पाणीही आम्ही लोखंडाच्या भावाने विकले असणार.

ठाणेकर_सल्लागार

ताडपत्रीचे पाणी आणि रिकाम्या गाडीच्या वेळी चहाला गेलेला क्लीनर, हे दोन्ही मी प्रत्यक्ष पाहिलेले आहेत. रिकामे आणि भरलेले वजन यांत जास्तीत जास्त किती तासांचे अंतर चालेल, याची मर्यादा प्रणालीत घाला. जुने रिकामे वजन साठवून ठेवून वापरण्याची सोय असेल तर ती बंद करा.

वाटणीचे म्हणाल, तर सेक्शनल वजनांच्या प्रमाणात वाटणे ही रूढ पद्धत आहे. 12 चे सेक्शनल वजन 3,200 किलो आणि 16 चे 1,896, या प्रमाणात 4,950 वाटले तर 12 च्या वाट्याला 3,108 येतात आणि 16 च्या वाट्याला 1,842. समजा 12 चा माल खरोखर 3,060 किलोच होता, तर वाटणी 48 किलोंनी चुकली. भावात एका रुपयाचा फरक आहे, म्हणजे बिलात चूक 48 रुपयांची. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ती नगण्य आहे. साठ्याच्या दृष्टीने मात्र 12 चा साठा 48 किलो कमी आणि 16 चा 48 किलो जास्त दिसत राहील, आणि सगळ्या गाड्यांत 12 चा माल असाच हलका असेल तर ही चूक एकाच दिशेने साचत जाईल. म्हणून दोन जाड्यांच्या भावात मोठा फरक असेल, किंवा एखादी जाडी नव्या गिरणीकडून आलेली असेल, तेव्हा मधला काटा करावा: पहिली जाडी भरून तोल, मग दुसरी भरून तोल. एरवी वाटणी पुरे. जो काटा 10 किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतो, त्याच्याकडून याहून बारीक न्याय मागण्यात अर्थ नाही. गिरणीच्या बंडलावर वजनाची चिठ्ठी असते आणि आपण अखंड बंडल विकत असाल, तर दर बंडल स्वतंत्र लॉट म्हणून नोंदवा. मग वाटणीचा प्रश्नच येत नाही, काटा फक्त पडताळणीला उरतो.

लोखंडी_हिशेब

बंडल फोडूनच द्यावे लागतात, त्यामुळे वाटणी आणि क्वचित मधला काटा असे ठरवतो. आता राहिल्या त्या 13 सळया. त्या साठ्यातून "तूट" म्हणून खर्ची टाकाव्या का?

करनोंद

कृपया तसे करू नये. माल हरवला किंवा खर्ची टाकला असे आपण स्वतःच्या वहीत लिहिले, तर कलम 17(5) प्रमाणे त्यावर घेतलेली कर वजावट उलटवण्याचा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे माल हरवलेलाच नाही. 3,060 किलो गेले, 3,060 किलोचे बिल झाले आणि कर भरला. चूक फक्त नगांच्या मोजणीत आहे. त्या दिवसाची काटा पावती, बिलाची प्रत आणि गोदामाची प्रत्यक्ष मोजणी एकत्र लावून, किलो आणि मूल्य न हलवता केवळ नगांची दुरुस्ती करावी, आणि नोंदीच्या शेऱ्यात "एकक रूपांतरातील चूक" असे स्पष्ट लिहावे. आजच्या प्रणालीत किलो न हलवता नग बदलता येत नसतील, तर दोन रकाने होईपर्यंत थांबा आणि तोवर त्या 13 सळयांवर कोणाची ऑर्डर घेतली जाणार नाही, एवढे मुकादमांना सांगून ठेवा.